सिलाई सेंटरच्या मागची शाळा

दार आतून कडी लावून बंद होतं. मी तिसऱ्यांदा वाजवलं. दारावर हिरव्या रंगाची छोटी पाटी होती, 'लेडीज सिलाई सेंटर'. माझ्या हातातल्या फाईलवर मात्र गर्ल्स हायस्कूल लिहिलेलं होतं. सहावी ते दहावी. सकाळचे साडेदहा वाजले होते. या वेळेला पोरींची शाळा भरलेली असेल तर दोन गल्ल्यांवरून कळतं. इथे शिलाई मशीनचासुद्धा आवाज नव्हता.

मनातल्या मनात मी शेरा तिथेच लिहून टाकला. बोगस.

मी तेव्हा हैदराबादला शिक्षण खात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर ऑफ स्कूल्स होतो. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. दिल्लीत धोरणं बदलली आणि इथे गल्लोगल्ली इंग्लिश मीडियम शाळा आणि कॉम्प्युटर क्लास निघाले. विद्यानगरात तर एकेका इमारतीत खाली एसटीडी बूथ, वर शाळा, त्याच्यावर घरमालक. या सगळ्या शाळांना खात्याचं रेकग्निशन लागायचं. रेकग्निशन म्हणजे मान्यतेचं पत्र. ते नसलं तरी शाळा चालवता येते, शिकवताही येतं. पण दहावीच्या बोर्डाला मुलांची नावं पाठवता येत नाहीत. नावांच्या त्या यादीला नॉमिनल रोल म्हणतात. यादीत नाव नाही तर हॉल तिकीट नाही, आणि हॉल तिकीट नाही तर पाच वर्षं शिकलात की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही.

मान्यतेआधी इन्स्पेक्शन करायचं ते माझं काम. त्या कामात माणूस संशयी होतो. एका शाळेने इन्स्पेक्शनच्या दिवशी शेजारच्या शाळेतून वर्गच्या वर्ग आणून बसवला होता. मी हजेरीपटावरून नाव घेतलं तर पोरगा उठेना, कारण ते नाव त्याचं नव्हतंच. तेव्हापासून मी कळवून जात नसे. वर्गात शिरल्यावर आधी रोल नंबर विचारायचो, मग नाव.

आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्या फॉर्ममध्ये येत नाही. आमचं मूळ गाव जुन्या निजामी राज्यातलं. शेती होती. रझाकारांच्या धामधुमीत घरच्यांना गाव सोडावं लागलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण अंबरपेठेच्या घरात ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला ती पाहिल्यासारखी वाटायची. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यातून स्वतः गेले होते. गंमत म्हणजे ते रोज सकाळी उर्दू पेपर वाचायचे. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. मला ती भाषा बोलता यायची, वाचता यायची नाही, आणि शिकायचीही नव्हती. नाना म्हणायचे, "अरे, अक्षरांनी काय घोडं मारलंय तुझं?" मी विषय बदलायचो.

तर अशा डोक्याने मी जुन्या शहरातल्या त्या दारासमोर उभा होतो.

कडी निघाली. दारात साधारण पन्नाशीच्या बाई होत्या. पांढरी सुती साडी, डोक्यावर पदर, नाकावर चष्मा. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी आधी माझ्या मागे गल्लीत पाहिलं, मग मला आत घेतलं आणि लगेच कडी लावली.

"जीप कहाँ छोड़ी आपने?"

"कमान के पास."

"अच्छा किया," त्या म्हणाल्या.

हेही मी नोंदवून ठेवलं. सरकारी जीप दाराशी आली नाही म्हणून बरं वाटणारी शाळा मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या रफिया आपा. सरकारी शाळेत वीस वर्षं गणित शिकवून त्यांनी लवकर रिटायरमेंट घेतली होती आणि वडिलांच्या घरात ही शाळा काढली होती. पुढच्या खोलीत सहा शिलाई मशीन होती, त्यांवर कापड पसरलेलं, पण सुई ओवलेली एकातच. खिडक्यांना आतून निळा कागद चिकटवलेला. मधला चौक ओलांडला की मागे चार खोल्या, आणि त्या खोल्यांतून मुली बसलेल्या. खच्चून भरलेल्या, आणि गप्प.

मी काम सुरू केलं. दहावीत नऊ मुली होत्या. रोल नंबर विचारले, नावं विचारली, बरोबर आली. वह्या पाहिल्या. भूमितीची प्रमेयं नीट होती, आपांच्या लाल शाईच्या खुणा जूनपासूनच्या होत्या. दोन टीचर बी.एड. होत्या, सर्टिफिकेटं ओरिजिनल. सायन्सचं सामान कमी होतं, पण होतं. म्हणजे मुली भाड्याच्या नव्हत्या. इथे माझा संशय संपायला हवा होता. तो नुसता जागा बदलून बसला.

"शाळा खरी आहे तर बाहेर पाटी का नाही?" मी उर्दूत विचारलं.

"मोहल्ले में पाँच आदमी हैं साहब. मोहल्ला बुरा नहीं है, पाँच आदमी हैं. उनों को लड़कियों का पढ़ना नक्को. माँ-बाप घर में सिलाई सीखने जा रई बोलते, इसलिए बच्चियाँ आ सकतीं. पाटी लगाई तो दूसरे दिन आधी आतीं."

"पोलिसांत तक्रार?"

"दी है. उसकी कॉपी आपकी फाइल में लगाई मैंने. उनों का निकाला हुआ पर्चा भी लगाया."

फाईलच्या शेवटी काही उर्दू कागद होते खरे. मी मान हलवली आणि पुढे गेलो. फॉर्ममधल्या रकान्यांपैकी एक होता, राष्ट्रगीत सकाळच्या सभेत मैदानावर म्हटलं जातं का. मैदान नव्हतंच. मी म्हटलं, म्हणून दाखवा.

आपांनी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. खिडकी लावली. मुली ओळीत उभ्या राहिल्या, हात सरळ खाली. आणि त्यांनी राष्ट्रगीत म्हटलं, सगळं, एक शब्द न चुकता, पण इतक्या हळू आवाजात की चौकात उभ्या माणसाला ऐकू गेलं नसतं. मी ओठांकडे बघत होतो. न म्हणणारी एखादी सापडते का ते बघत होतो. सापडली नाही.

संपल्यावर मी विचारलं, "इतना आहिस्ता क्यों?"

आपांनी चष्मा काढून पदराने पुसला. "साहब, बाहर वाले बोलते कि ये गातीं इसलिए दीन-मज़हब से गईं. अब आप पूछ रहे कि आहिस्ता क्यों गातीं."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळलो. उंच, सडपातळ पोरगी, नाव सबीहा. तिची भूमितीची वही सगळ्यात चांगली होती.

"तुम्हारा मुल्क कौनसा है?"

"हिंदुस्तान, सर."

"पक्का?"

तिने वही मिटली. मग म्हणाली, "ये सवाल आप सब स्कूलां में पूछते क्या सर?"

"सबीहा, बैठो," आपा म्हणाल्या.

"हौ, सब में पूछता," मी म्हणालो. मी तोपर्यंत कुठल्याच शाळेत हा प्रश्न विचारला नव्हता. त्यानंतरही नाही.

निघताना आपा मला पुढच्या खोलीपर्यंत सोडायला आल्या. सबीहाबद्दल त्या आपणहून बोलल्या. तिचे वडील लाखेच्या बांगड्या करायचे. मुलीने दहावीपर्यंत शिकावं हे त्यांनी मोठ्या मुश्किलीने मान्य केलं होतं. का, तर सरकारची परीक्षा दिली, सरकारचा कागद हातात आला, तर मोहल्ल्यात कुणी तोंड उघडणार नाही. "मैंने उनको ज़बान दी है साहब. इस साल रिकग्निशन आ जाएगा बोलके. उनों एक साल से ज़्यादा नहीं रुकते. रिश्ता तैयार है."

मग दारातली कडी काढता काढता त्या म्हणाल्या, "एक मेहरबानी करिए. जो देखना था देख लिया. मोहल्ले में किसी से पूछिए मत."

या एका वाक्याने सगळं बिघडलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला जिथे जिथे 'बाहेर विचारू नका' असं सांगितलं गेलं, तिथे बाहेरच घबाड सापडलं होतं. त्यांची अडचण काय होती ते त्यांनी तासाभरापूर्वी स्पष्ट सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं, समजून घेतलं नव्हतं.

आमच्याकडे स्थानिक चौकशी नावाचा प्रकार असायचा. शाळेबद्दल आजूबाजूच्या प्रतिष्ठित माणसाचा जबाब घ्यायचा. सक्ती नव्हती. इन्स्पेक्टरला वाटलं तर घ्यायचा. मला वाटलं.

कमानीजवळ कूलर आणि व्होल्टेज स्टॅबिलायझरचं दुकान होतं. कलर टीव्ही घरोघर येत होते, त्यामुळे त्या धंद्याला बरकत होती. मालक बाहेरच खुर्ची टाकून बसले होते. नाव मुनीरुद्दीन. दाढी नीट कातरलेली, इस्त्रीचा कुर्ता. मी जीपकडे जातोय बघून तेच उठले.

"तशरीफ़ रखिए साहब. एजुकेशन से आए ना आप?"

त्यांना कसं कळलं हे मी विचारलं नाही. इराणी हॉटेलातून चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. माणूस अदबीने बोलत होता. मी शाळेचा विषय काढायच्या आधीच त्यांनी आवाज खाली आणला.

"हम लोगां वतन से मोहब्बत करने वाले हैं साहब. इस वास्ते बोलना पड़ता. उधर कौमी तराना, वो जन-गण-मन, होता नहीं. झंडा होता नहीं. दरवाज़ा बंद करके क्या सिखाते, अल्लाह जाने. पाटी सिलाई की, अंदर कुछ और. आप तो देखको आए."

"लिखकर देंगे?"

"हौ. कैकू नहीं देते? मुल्क का मामला है."

मी त्यांचा जबाब इंग्रजीत लिहून काढला, वाचून दाखवला, त्यांनी खाली उर्दूत सही केली. मी जे ऐकायला आलो होतो ते अगदी तसंच, माझ्याच शब्दांत, कुणीतरी ताटात वाढून दिलं होतं. मला तेव्हा त्याचं नवल वाटायला हवं होतं. उलट बरं वाटलं. निघताना मी त्यांचे आभार मानले.

दोन दिवसांनी मी रिपोर्ट दिला. राष्ट्रगीताच्या रकान्यात लिहिलं, 'खुल्या सभेत म्हटलं जात नाही.' हे वाक्य खोटं नाही. आमच्या खात्यात खोटं लिहिणारे पकडले जायचे, असं लिहिणारे बढती घ्यायचे. पुढे लिहिलं, शाळा वेगळ्या नावामागे चालते, प्रवेशावर नियंत्रण आहे, स्थानिक जबाब प्रतिकूल. उर्दू कागदांसमोर लिहिलं, 'सोबतचे कागद प्रादेशिक भाषेत, महत्त्वाचे नाहीत.' शिफारस, मान्यता देऊ नये.

आमच्या सेक्शनला गायकवाड म्हणून सीनियर असिस्टंट होता. नांदेडकडचा, बौद्ध, जामबागेत राहायचा. फाईल टाईप करायच्या आधी तो प्रत्येक कागद वाचायचा. ही सवय सरकारी नोकरीत दुर्मिळ असते.

"साहेब, जबाब एकाचाच?" त्याने विचारलं.

"एक पुरे होतो."

"पुरे होतो, पण हा माणूस कोण? मुलगी आहे का त्याची त्या शाळेत?"

"नसावी."

"मग त्याला आतलं काय ठाऊक?" त्याने कागद खाली ठेवला. "माझा बाप शाळेत जायचा, तेव्हा मास्तर गावातल्या मोठ्या माणसांना विचारून यायचे, याला बसू द्यायचं का म्हणून. ते प्रतिष्ठितच असायचे."

"तू टाईप कर रे."

"करतो ना. मला काय."

पंधरा दिवसांनी नामंजुरीच्या ऑर्डरचा मसुदा माझ्याकडे परत आला. मी सोबतच्या कागदांना नंबर घातले नव्हते, ते घालायचे होते. शनिवारी मी फाईल घरी नेली आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो. नाना पलीकडे पेपर वाचत होते. त्यांची नजर उर्दू कागदांवर गेली, आणि उर्दू दिसलं की त्यांना वाचल्याशिवाय राहवायचं नाही.

"हे काय रे, धमकीचा कागद घरी आणलास?"

"कसली धमकी?"

"ऐक की." ते वाचत मराठीत सांगू लागले. मोहल्ल्यातल्या अमुक घरात सिलाईच्या नावाखाली पोरींना शाळा शिकवतात, उभं करून सरकारी तराणा गायला लावतात. बापांनी आपापल्या मुली काढून घ्याव्यात. नाही काढल्या तर त्यांच्या घरच्या लग्नाला आणि मयतीला कुणी जाणार नाही. "खाली पाच नावं आहेत. हाजी अमुक, तमुक, आणि हा कोण, मुनीरुद्दीन, कूलरवाले."

मी त्यांना ते नाव पुन्हा वाचायला लावलं.

"मुनीरुद्दीन. कूलरवाले. मीम, नून, ये, रे. आता काय फोड करून दाखवू?" मग त्यांनी दुसरा कागद उचलला. तो आपांचा पोलिसांतला अर्ज होता. त्यातही तेच नाव, आरोपी म्हणून. तारीख माझ्या इन्स्पेक्शनच्या दोन महिने आधीची.

ज्या माणसाने मुली राष्ट्रगीत म्हणतात म्हणून पत्रक काढलं, त्याच माणसाने त्या म्हणत नाहीत असा जबाब मला लिहून दिला होता. त्याला देशाशी कर्तव्य नव्हतं आणि गाण्याशीही नव्हतं. पोरींच्या हातातलं पुस्तक जायला हवं होतं. धमकीने गेलं नाही, तेव्हा त्याने सरकारी रस्ता बघितला. त्या रस्त्यावर मी उभाच होतो, आणि मला काय ऐकायला आवडेल हे त्याला माझा चेहरा बघून समजलं.

आणि ते दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून माझ्या फाईलमध्ये होते. घरात ते वाचणारा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता.

नानांनी विचारलं, "ही शाळा तुझ्याकडे आहे का?"

"हो."

"मग चालू राहील ना?"

मी फाईल बांधली.

इथपर्यंत झाली ती चूक होती. चूक मी कदाचित कुणाला सांगितलीही असती. त्यापुढचं सांगितलं नाही.

सोमवारी मी डी.ई.ओ. साहेबांकडे गेलो. जिल्हा शिक्षणाधिकारी, राव आडनावाचे, तेलुगू माणूस, कडक. ऑर्डर अजून निघाली नव्हती. नॉमिनल रोल पाठवायला दहा दिवस होते. एक शुद्धिपत्र जोडायचं, जबाब देणारा माणूस हितसंबंधी आहे, शिफारस बदलत आहे, अर्ध्या पानाचं काम. गायकवाडने सकाळीच मला म्हटलं होतं, "टाईप करून ठेवू का साहेब?" मी त्याला कालचं सगळं सांगून बसलो होतो.

राव साहेब खूश होते. "कूर्चोंडी जाधवगारू, बसा. तुमचा तो ओल्ड सिटीचा रिपोर्ट मी मीटिंगमध्ये दाखवला. बंद दरवाजाच्या आत शिरून कोण इन्स्पेक्शन करतो आजकाल?" मग त्यांनी शेजारच्या मंडळातल्या एका इन्स्पेक्टरचं नाव घेतलं. "त्याने रिपोर्ट दिला, आठवड्याने स्वतःच फिरवला. मॅनेज झाला, दुसरं काय? सस्पेंड करतोय. तुम्हाला काही बोलायचं होतं?"

"नाही सर. सहजच आलो होतो."

बाहेर गायकवाड उभा होता. माझ्याकडे बघून तो टेबलाशी गेला. त्याने टाइपरायटरवर चढवलेला कागद काढला आणि घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

मी स्वतःला सांगितलं की मुसलमान शाळेसाठी मी रिपोर्ट फिरवला असता तर लोक दुप्पट बोलले असते. ते खरंही होतं. मुनीरुद्दीनने माझा संशय हेरला होता, उरलेली भीती मी पुरवली.

त्याच आठवड्यात रफिया आपा ऑफिसात आल्या. बुरख्यात होत्या, आवाजावरून ओळखलं. त्यांनी नकाब वर केला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या. ऑर्डरवर सही झाली होती, पोस्टात पडायची होती. मी तिच्यावर हात ठेवून बसलो होतो.

"साहब, कमी क्या रह गई, लिखके देते तो पूरी कर लेती. लैब का सामान और ले आई मैं."

"अगले साल अप्लाय करिए."

"अगले साल सबीहा नहीं रहती साहब."

मी म्हटलं, नियम नियम आहेत.

"आपने वो उर्दू के काग़ज़ पढ़े ना?"

"पढ़े," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, नकाब खाली घेतला आणि गेल्या. मी पढ़े म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी तीस वर्षं टाळला. वाचले नाहीत म्हटलं असतं तर त्यांच्या मनात निदान एक वाट शिल्लक राहिली असती.

अजून एक बारीक गोष्ट आहे, ती ऑफिसच्या पद्धतीची. ऑर्डरची प्रत कुणाकुणाला जाणार ते खाली लिहितात. जबाब देणाऱ्यालाही एक प्रत द्यायची आमच्याकडे पद्धत होती. ते नाव मी आधीच घातलं होतं. काढलं नाही. मुनीरुद्दीनने त्या प्रतीच्या झेरॉक्स काढल्या आणि गल्लीतल्या लाईटच्या खांबांवर लावल्या. त्याच्या पहिल्या पत्रकाला जे जमलं नव्हतं ते सरकारच्या शिक्क्याने आठवडाभरात केलं. जे बाप त्याला घाबरले नव्हते, ते सरकारला घाबरले. दोन महिन्यांत शाळा बंद झाली. नऊपैकी दोघी मुलींनी पुढे प्रायव्हेट फॉर्म भरून परीक्षा दिली, असं गायकवाडने शोधून मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सबीहा त्या दोघींत नव्हती.

मी पुढे बढतीवर गेलो, रिटायर झालो. नाना गेले. त्यांनी त्या शाळेबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते का विचारत नाहीत हे मला समजत होतं.

यंदा मला शहात्तरावं लागलं. गायकवाड अजून फोन करतो. त्याच्याकडून आपांचा पत्ता मिळाला. मलकपेठेत भाच्याकडे राहतात. मी गेलो. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, कानाला मशीन. मी नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं. दुकान, चहा, जबाब, नानांनी वाचलेला कागद, राव साहेबांची केबिन. मध्ये थांबलो नाही.

"मुनीर का मेरेकू मालूम था," त्या म्हणाल्या. "खंबे पर पर्चा लगा तो समझ गई. आपने पढ़के भी किया, वो नहीं समझी थी."

"रिपोर्ट लिखते वक़्त पढ़े नहीं थे. बाद में पढ़वाए, फिर भी चुप रहा."

"अच्छा." त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. मग म्हणाल्या, "सबीहा के अब्बा घर आए थे. बोले, आपा, तुमने झूठी ज़बान दी. सरकार कभी देने वाली नहीं थी, तुमकू मालूम था. मैं क्या बोलती? ऑर्डर में लिखा था, शर्तें पूरी नहीं कीं. उनों समझे मैंने पूरी नहीं कीं. बच्ची भी वोइच समझी."

मी म्हटलं, मी लिहून देतो. त्या हसल्या, फार नाही. भाच्याच्या सुनेला हाक मारून मोबाइल मागवला, नंबर लावायला सांगितला. पलीकडून फोन उचलल्यावर म्हणाल्या, "सबीहा, एक साहब बैठे हैं. उनकी बात सुन ले," आणि फोन माझ्या हातात दिला.

मी पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. आपांची काही चूक नव्हती. शर्ती सगळ्या पुऱ्या होत्या. मी चुकीचं लिहिलं, आणि चूक समजल्यावर दुरुस्त केलं नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आप वोइच हैं ना," ती म्हणाली, "मुल्क कौनसा पूछने वाले?"

"हौ."

"आपा कू मैं कब का माफ़ कर दी. इत्ती उमर में कौन याद रखता. पर अब्बा मरे तक आपा से बात नहीं किए. सलाम का जवाब नहीं देते थे." पलीकडे भांडं वाजलं. "अब्बा तो गुज़र गए सर. उनकू कौन बोलेगा?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "आपा कू फ़ोन दीजिए," म्हणाली. मी दिला. आपा तिच्याशी तिच्या गुडघेदुखीबद्दल बोलू लागल्या, आणि मी उठलो.

नव्या इन्स्पेक्टरांसमोर बोलायला मला कुणी कधी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर फार सांगण्यासारखं नव्हतं. संशय घेणं हे आपलं कामच आहे. फक्त तो सगळ्यांवर सारखा घ्यावा. मी दार बंद करणाऱ्या बाईवर सगळा घेतला, आणि चहा पाजणाऱ्या माणसासाठी थोडाही शिल्लक ठेवला नाही.